व्हरमाँटला जायचं ठरतंय, पण आधी रस्ता बघू

न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना व्हरमाँट हे राज्य माहिती असतं ते बहुतेक एकाच कारणानं, यूएससीआयएसची, म्हणजे व्हिसा-ग्रीन कार्ड बघणाऱ्या सरकारी खात्याची रिसीट. नंबर ईएसीनं सुरू झाला की समजायचं फाइल व्हरमाँट सर्व्हिस सेंटरला पडली, आणि मग पुढचे कित्येक महिने सकाळचा चहा आणि केस स्टेटस बरोबरच. ते सेंटर सेंट ऑल्बन्स नावाच्या छोट्या गावात आहे, तिथून कॅनडाची बॉर्डर गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. तर आम्ही दोघं त्याच राज्यात राहायला जायचं म्हणतोय हे ऐकल्यावर जर्सीतल्याच एडिसनमधला आमचा एक मित्र पहिलं काय म्हणाला, तर "काय, फाइल शोधायला निघालाय का?"

फाइल नाही शोधायची बाबा. नवऱ्याचं काम आता पूर्ण रिमोट, माझंही घरूनच, आणि तरी आम्ही रूट वनच्या कडेला टू बेडरूममध्ये वरच्यांच्या मिक्सरचा आवाज ऐकत, दरवर्षी वाढणारं भाडं भरत बसलोय, हे कशासाठी? ओक ट्री रोडवरच्या वडापावसाठी? (हे वाक्य नवऱ्याचं. मी वडापावच्या विरोधात कधीच नव्हते.) त्याला मागे थोडी जमीन, झाडं आणि शांतता पाहिजे, मला एक खोली पाहिजे जिचं दार बंद करून कॉल घेता येईल आणि खिडकीतून पार्किंग लॉट दिसणार नाही. मुलं अजून नाहीत, घर विकत घेतलेलं नाही, म्हणजे हलायचं तर आत्ताच, नंतर शाळा आणि मॉर्गेज आलं की माणूस खुंटीला बांधला जातो.

आणि हो, तो दहा हजार डॉलरवाला व्हॉट्सॲप फॉरवर्ड आम्हाला पण सगळ्यांनी पाठवून झालाय. ती स्कीम खरी होती, २०१८ ला व्हरमाँटनं कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या रिमोट कामगारांना दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०,००० डॉलरपर्यंत खर्च परत द्यायला सुरुवात केली, पण परत म्हणजे आधी तुम्ही खर्च करायचा मग पावत्या द्यायच्या, आणि पैसे लवकरच संपले. फॉरवर्ड मात्र अजून फिरतोय. त्या पैशांसाठी कोणी जात असेल तर जाऊ नका, पहिल्याच हिवाळ्यात टायर, प्लाउ (बर्फ ढकलून काढणारी गाडी) आणि घर गरम करायच्या ऑइलमध्ये निम्मे जातील.

राज्य किती लहान आहे हे सांगलीच्या भाषेत सांगते. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या व्हरमाँटची लोकसंख्या ६,४३,०७७. आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतच २०११ ला पाच लाखांवर लोक होते. सगळ्यात मोठं शहर बर्लिंग्टन, पंचेचाळीस हजाराच्या आसपास. राजधानी माँटपिलियर, आठ हजार, देशातली सगळ्यात लहान राजधानी. हायवेवरून आत शिरलं की काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं आणि काय ते थोड्या वेळानं कळतं, होर्डिंगच नाहीत, १९६८ पासून राज्यात बिलबोर्डवर बंदी आहे. नुसते डोंगर, गायी, लाल कोठारं आणि आपली गाडी. जर्सीत वकिलांचे फोन नंबर वाचून पाठ झालेल्या माणसाला हे जरा जास्तच वाटतं सुरुवातीला.

घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईचं ठरलेलं, "थंडीनं मरशील गं तिकडं, आधीच तुझं सायनस." सासूबाई पुण्याच्या, त्यांनी शांतपणे विचारलं, "तिथे कामाला बाई मिळते का?" (इथे पण नाही मिळत हो आई.) बाबांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "नदी किती लांब हाय घरापासनं?" मला तेव्हा हसू आलं, पण इतके महिने वाचून, फिरून, लोकांना विचारून झाल्यावर सांगते की सगळ्या प्रश्नांत कामाचा प्रश्न बाबांचाच होता. थंडीचं सगळे विचारतात, थंडीचं उत्तर दुकानात मिळतं. रस्ता, पाणी आणि घर गरम कशावर होणार हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही आणि खेड्यात राहायचं ते ह्या तिघांवरच अवलंबून आहे.

थंडीचं आधी उरकून टाकते. बर्लिंग्टनला जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे अकरा-बारा सेल्सिअसच्या घरात जातं, वरच्या कोपऱ्यात, ज्याला नॉर्थईस्ट किंगडम म्हणतात, तिथे ह्याच्याही खूप खाली. बर्फ बर्लिंग्टनला हंगामात सरासरी ८० इंचांच्या वर. आकडे भीतीदायक आहेत पण कपडे नीट असले तर माणूस जगतो, तिथली शाळेची पोरं त्यातच खेळतात. मला थंडीपेक्षा अंधाराची धास्ती आहे. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, म्हणजे दुपारच्या चहाला दिवा लावायचा, आणि जो काही दिवस असतो त्यातही ढगच जास्त. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला निदान चार तोंडं दिसतात, आम्ही दोघं एका घरात दोन लॅपटॉप समोर. ह्यावर उपाय म्हणून आम्ही ठरवलंय की काही झालं तरी आठवड्यातून एकदा दोघांनी वेगवेगळं बाहेर पडायचं, लायब्ररी, वाय (वायएमसीएची जिम), काही पण. भांडणं थंडीनं नाही, चार महिने एकमेकांचे कॉल ऐकून होतात.

आता रस्ता. पहिल्यांदा आम्ही व्हरमाँटला गेलो ते सगळे जातात तसंच, ऑक्टोबरात, फॉल कलर्स बघायला, ॲपल सायडर डोनट खायला. तेव्हा ते राज्य नवरीसारखं नटलेलं असतं, कोणाला पण तिथे राहावंसं वाटेल. नवऱ्याच्या टीममध्ये एकजण मूळचा तिथला आहे, त्याला म्हटलं आम्ही घर शोधतोय तर तो म्हणाला ऑक्टोबरात बघितलेलं घर घेऊ नका, एप्रिलमध्ये या आणि तेव्हाही आवडलं तर बोलू. एप्रिल म्हणजे तिथला मड सीझन. चिखलाला अख्खा सीझन देणारं राज्य आहे हे. थोडा हिशोब असा आहे की व्हरमाँटमधले निम्म्याहून जास्त रस्ते डांबरी नाहीतच, मातीचे आहेत, आणि ते मुद्दाम तसे ठेवलेत कारण बर्फानं डांबर फुटतं आणि छोट्या गावाला ते परत परत करणं परवडत नाही. हिवाळ्यात जमीन काही फूट खोलपर्यंत गोठते. मार्चअखेरीस ऊन लागलं की वरचा थर वितळतो पण खालचा दगडासारखा गोठलेलाच, मग पाणी खाली मुरणार कुठून? ते वरच राहतं आणि रस्त्याचा शिरा होतो.

आम्ही एप्रिलच्या सुरुवातीला गेलो. एक घर बघायचं होतं, फोटोत अगदी मनासारखं, व्हरांडा, मागे मेपलची झाडं, भाडं जर्सीच्या मानानं बरं. घर मालकीणबाईंनी फोनवरच सांगितलं होतं की गाडी खाली टाउन हॉलजवळ लावा, मी पिकअप घेऊन येते. नवऱ्याला वाटलं एवढं काय, आपली पण ऑल व्हील ड्राइव्ह आहे. पण बाईंनी ऐकलं नाही, आल्या, सत्तरीच्या असतील, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, आम्हाला मागे बसवलं आणि निघाल्या. त्या रस्त्यावर चाकांच्या दोन चाऱ्या पडल्या होत्या, इतक्या खोल की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासत होता, आणि बाई त्या चाऱ्यांत गाडी घालतच नव्हत्या, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेच्या गवताच्या पट्टीवर ठेवून, स्टिअरिंग दोन बोटांनी धरून, आमच्याशी गप्पा मारत चालल्या होत्या. मध्ये एक यूपीएसची गाडी रुतलेली. बाईंनी काच खाली करून त्या ड्रायव्हरला विचारलं कोणाला फोन केलास, तो म्हणाला केलाय, बाई म्हणाल्या बरं, आणि पुढे. म्हणजे ही बातमी नव्हती, रोजचं होतं.

घर छान होतं. स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी पेटलेली, टेबलावर जगमध्ये मेपल सिरप, बाईंच्या भावाचं शुगरहाऊस शेजारीच. तिथेही घेऊन गेल्या. आत लांबच्या लांब कढईत झाडाचा रस उकळत होता, सगळीकडे वाफ, आणि आमच्याकडच्या माणसाला ते दुसरं काय वाटणार, गुऱ्हाळ. साधारण ४० गॅलन रस आटवला की १ गॅलन सिरप होतं, देशातलं जवळजवळ निम्मं सिरप ह्या एका राज्यातून जातं, आणि रस येतो तो रात्री गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं अशा दिवसांतच, म्हणजे चिखल आणि सिरप एकाच हंगामाचे. एक ग्लासभर गरम प्यायला दिलं. मी म्हटलं काकवीत एवढा धुराचा वास नसतो पण बाकी तीच. नवरा तिथेच लीज साइन करायला तयार झाला होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.

कारण परत जाताना मी बाईंना विचारलं, हा रस्ता कुठल्या क्लासचा? हे आधी वाचलेलं होतं. तिथे गावच्या रस्त्यांचे क्लास असतात, वन ते फोर. क्लास थ्री म्हणजे गाव तो बारमाही ठेवणार, बर्फ पण काढणार. क्लास फोर म्हणजे रस्ता कागदावर सार्वजनिक आहे पण हिवाळ्यात प्लाउ करायची जबाबदारी गावाची नाही. बाई म्हणाल्या, शेवटचा पाव मैल क्लास फोर आहे, तो माझा पुतण्या काढतो. पुतण्या काढतो! पुतण्या बोस्टनला नोकरीला गेला तर? पुतण्याशी भांडण झालं तर? लिस्टिंगमध्ये चार बाथरूमच्या फरशीचे फोटो होते, हे एक वाक्य नव्हतं. तेव्हापासून आमचा नियम झालाय, घर आवडलं की आधी गावाच्या ऑफिसात फोन करायचा आणि रस्त्याचा क्लास विचारायचा, आणि मग व्हरांडा बघायचा. टाउन क्लार्क लोक ह्या बाबतीत फार भले आहेत, एकीनं तर मला रस्ता सांगितलाच, वर हेही सांगितलं की स्कूल बस त्या वळणापर्यंतच येते, म्हणजे प्लाउ तिथपर्यंत आधी येणार हे समजून घ्या.

गाव प्लाउ करतं ते रस्त्याचं, तुमचा ड्राइव्हवे तुमचा. मोठ्या ड्राइव्हवेला फावड्यानं बर्फ काढायचं विसरा, प्लाउवाला लावायचा, आणि चांगला प्लाउवाला ऑगस्ट-सप्टेंबरलाच बुक होतो. कोणी हंगामाचे ठोक घेतात कोणी प्रत्येक वेळेचे. प्रत्येक वेळेचे घेणाऱ्याला किती इंच पडल्यावर येणार हे आधीच विचारून घ्यायचं, नाहीतर दोन इंचाला पण येऊन बिल लावेल. जमीन गोठायच्या आत ड्राइव्हवेच्या कडेला काठ्या रोवायच्या, म्हणजे त्याला कडा दिसतात, नाहीतर हिरवळ सोलून काढतो. टायरचं म्हणाल तर कायद्यानं सक्ती नाही, पण स्नो टायरशिवाय तिथे राहणं म्हणजे शहाणपणा नाही, ऑल व्हील ड्राइव्ह गाडी पुढे नेते, थांबवतात ते टायरच. हे वाक्य मला तिथे तीन वेगवेगळ्या लोकांनी जसंच्या तसं ऐकवलं, बहुतेक राज्यगीतच असावं.

आता पाणी, म्हणजे बाबांचा प्रश्न. सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात हवामान लागत नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी लागते. ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आमचे मामा गच्चीवरून बोटीत उतरले होते, २०२१ ला परत. त्यामुळे व्हरमाँटचा नकाशा बघताना मला पहिली गोष्ट काय दिसली असेल तर डोंगर उभे, दऱ्या अरुंद, आणि त्या दरीच्या तळाशी नदी, रस्ता, रेल्वे आणि गाव सगळे खांद्याला खांदा लावून. सपाट जागा तेवढीच. जुलै २०२३ च्या १० आणि ११ तारखेला तिथे जो पाऊस झाला त्यात राजधानी माँटपिलियरचा बाजार पाण्यात होता, विनूस्की नदी सरळ मेन स्ट्रीटवर. बरोबर एक वर्षानं, २०२४ च्या त्याच तारखांना, परत पूर. त्याआधी ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळ, तेव्हा रस्तेच वाहून गेल्यामुळे डझनभर गावं तुटली आणि हेलिकॉप्टरनं सामान टाकावं लागलं. आणि म्हाताऱ्या लोकांच्या तोंडी अजून १९२७ च्या नोव्हेंबरातला पूर असतो, आपल्याकडे जसं २००५ चं काढतात तसं.

पण इथला पूर आणि सांगलीचा पूर एक नाही हे मला उशिरा कळलं. कृष्णेचं पाणी चढतं, दिवसदिवस चढतं, माणसाला गाद्या वरच्या मजल्यावर न्यायला वेळ मिळतो. व्हरमाँटची नदी डोंगरातून येते, तासाभरात येते, आणि ती नुसती घरात शिरत नाही तर काठ कापते. म्हणजे घर पाण्याच्या पातळीच्या वर असतं, सरकारी पूरनकाशात पण नसतं, आणि खालची मातीच निघून जाते. म्हणून नकाशात घर पूररेषेच्या बाहेर आहे एवढ्यावर खूश व्हायचं नाही, नदीच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहे का, मागे ओढा आहे का, रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायची मोरी केवढी आहे, हे सगळं बघायचं. मी एका घरी मोरीत वाकून बघितलं तर एजंट माझ्याकडे बघत राहिला. बाबांना फोटो पाठवला, त्यांनी उत्तर दिलं, "मोरी लहान हाय. दुसरं बघा." एवढंच. पुण्याच्या घरातल्या मुलाला हे कळत नाही, त्याच्यासाठी नदी म्हणजे व्ह्यू.

प्यायचं पाणी खेड्यात बहुतेक घरांना स्वतःच्या बोअरचं. ह्यात आम्हाला नवं काही नाही, पण इथे पाणी तपासून घ्यावं लागतं, व्हरमाँटचा आरोग्य विभागच सांगतो की बॅक्टेरियासाठी दरवर्षी आणि आर्सेनिक वगैरे आणि किरणोत्सारासाठी पाच वर्षांनी टेस्ट करा, कारण ते खडकातूनच येतं. आणि बोअर म्हणजे पंप, पंप म्हणजे लाइट. ओला जड बर्फ पडला की झाड तारेवर, लाइट गेली, की नळ पण गेला आणि फ्लश पण. न्यू जर्सीत वाढलेल्या माणसाला हा धक्का असतो, मी म्हटलं पिंप भरून ठेवायचं, त्यात काय. तसंच सेप्टिक टँक, कितीही बेडरूमचं घर दिसलं तरी सेप्टिकचं परमिट किती बेडरूमचं आहे ते खरं. आणि फोडणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं कायमचं बंद.

फोडणीवरून आठवलं. सहा महिने खिडक्या बंद, त्यामुळे किचनचा एक्झॉस्ट खरंच बाहेर जातो का तो धूर परत तोंडावरच सोडतो हे मी प्रत्येक घरात चालू करून बघते. त्यात पण मेख आहे, घर घट्ट असेल आणि लाकडाची शेगडी पेटलेली असेल तर जोरदार एक्झॉस्ट लावला की तो चिमणीतला धूर उलटा घरात खेचतो. म्हणजे मिरचीचा ठेचा करायच्या दिवशी एक खिडकी फटभर उघडी.

घर गरम करायचे तीन-चार प्रकार आहेत. बऱ्याच जुन्या घरांत तळघरात २७५ गॅलनची ऑइलची टाकी असते, फर्नेस त्यावर चालतो, आणि जुन्या हवेशीर घराला हिवाळ्यात सात-आठशे गॅलन लागणं नवल नाही. त्यामुळे भाडं कमी दिसलं की आधी विचारायचं हीटचा खर्च कोणाचा, आणि गेल्या हिवाळ्याची बिलं दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. टाकी पूर्ण रिकामी होऊ द्यायची नाही, झाली की नुसतं ऑइल भरून फर्नेस सुरू होत नाही, लाइनमधली हवा काढावी लागते, आणि तोवर पाइप गोठायला लागतात. आणि आपला मड सीझन आठवतोय ना, त्या दिवसांत गावं मातीच्या रस्त्यांवर जड गाड्यांना बंदीचे बोर्ड लावतात, म्हणजे ऑइलचा ट्रक तुमच्यापर्यंत येणारच नाही, मार्चच्या आधी टाकी भरून घ्यायची. बघा, परत रस्त्यावरच आलो.

लाकूड कॉर्डमध्ये विकतात, एक कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फूट, १२८ घनफूट. ते वाळलेलं लागतं, ओलं जाळलं की चिमणीत डांबरासारखा थर धरतो आणि तोच पुढे पेटतो. वाळायला वर्षभर तरी जातं, म्हणजे ह्या हिवाळ्याचं लाकूड मागच्या वसंतात घेतलेलं पाहिजे, आणि आम्ही तर अजून जर्सीत. म्हणून पहिल्या वर्षी लाकडाच्या भरवशावर राहायचंच नाही असं ठरवलंय, नवऱ्यानं कुऱ्हाडीचे व्हिडिओ कितीही बघितले तरी. हीट पंप आहेत बऱ्याच ठिकाणी, थंड प्रदेशासाठीचे, ते चांगले चालतात, पण लाइट गेली की तेही गेले, म्हणून सोबत दुसरं काहीतरी हवं.

आणि एक गोष्ट जी तिथल्या लोकांना सुचतच नाही कारण त्यांना गरज नाही, आपण डिसेंबरात भारतात जातो, महिना-दीड महिना. तेवढे दिवस रिकामं घर, बाहेर उणे वीस. फर्नेस बंद पडला आणि कोणाला कळलं नाही तर पाइप फुटून घरात तलाव. घरमालकांना मी हे सरळ विचारते, त्यांना वाटतं ही बाई राहायला येणार की जायला. उत्तर असं मिळालं की तापमान खाली गेलं की फोनवर अलार्म देणारं यंत्र लावा, पंप बंद करून पाइपातलं पाणी काढून ठेवा, आणि शेजाऱ्याला किल्ली द्या. सगळ्यात भरवशाचं तिसरंच आहे आणि तेच मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आता व्हिसा, कारण हे कोणी सांगत नाही आणि लोक परस्पर निघून जातात. नवरा एच-वनवर आहे, म्हणजे कंपनीनं काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोर ईएडीवर, म्हणजे त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर. माझं सोपं आहे, ईएडीवर कुठूनही काम करता येतं, फक्त पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचा. त्याचं तसं नाही. रिमोट असला तरी त्याचं घर हेच कामाचं ठिकाण धरतात, आणि २०१५ पासून नियम स्पष्ट आहे की कामाचं ठिकाण त्या मेट्रो भागाच्या बाहेर गेलं तर नवा एलसीए (कंपनीनं कामगार खात्याला पगार आणि जागा कळवायचा अर्ज) आणि एच-वनची अमेंडेड पिटिशन, म्हणजे बदललेला अर्ज, आणि तीसुद्धा हलायच्या आधी. म्हणजे कंपनी तयार पाहिजे, वकील पाहिजे, आणि नव्या काउंटीचं प्रिव्हेलिंग वेज, म्हणजे तिथला ठरलेला किमान पगार, बघितलं पाहिजे. एडिसनहून शेजारच्या पिस्काटवेला गेलात तर गोष्ट वेगळी. पण रिमोट आहे ना मग जाऊ कुठेही, असं करून नंतर एक्सटेन्शनच्या वेळी घाम फुटलेले लोक आम्ही बघितलेत. हे काम आम्ही घर शोधायच्या आधी सुरू केलं.

माणसांचं विचाराल तर दहातले नऊ गोरे, हे सरळ सांगितलेलं बरं. एडिसनमध्ये आम्ही परके आहोत हे विसरायला होतं, तिथे गावातल्या दुकानात शिरलो की सगळे बघतात, वाईट नजरेनं नाही पण बघतात, आणि पुढच्या वेळेला नावानं ओळखतात. मला ह्यातलं दुसरं आवडलं आणि पहिल्याची सवय होईल का माहीत नाही. बर्लिंग्टन आणि विनूस्कीच्या बाजूला मात्र भूतानमधून आलेले नेपाळी लोक बरेच स्थायिक झालेत, निर्वासित म्हणून आलेले, त्यांची दुकानं आहेत. तिथे मला डाळी, हिंग, कढीपत्ता सगळं मिळालं, काउंटरवरचे दाजू (नेपाळीत दादा) हिंदीत बोलले आणि मोहरीच्या तेलाची शिफारस केली. ज्वारीचं पीठ आणि गोडा मसाला जर्सीहून, त्याला इलाज नाही. साडेपाच-सहा तासांचा रस्ता आहे, गणपतीला येऊच की.

डॉक्टरचा विचार मी एकटीच करतेय असं वाटतं. मोठं हॉस्पिटल बर्लिंग्टनला, पूर्वेकडे राहिलात तर नदीपलीकडे न्यू हॅम्पशायरमध्ये लेबननला. मधल्या छोट्या हॉस्पिटलांत बाळंतपणाची सोय असेलच असं नाही, आणि येत्या दोन-तीन वर्षांत आम्हाला तो विषय काढायचाय. त्यामुळे मी गूगलवर अंतर मैलात बघत नाही, फेब्रुवारीतल्या रात्री दोन वाजता लागणारा वेळ धरते, आणि चाळीस मिनिटांच्या बाहेरची घरं यादीतून काढून टाकते. त्यात नवऱ्याची लाडकी दोन गेली. फुगून बसला होता एक दिवस.

तर सध्या ठरलंय ते असं की पहिलं वर्ष विकत काही नाही, भाड्यानं, बर्लिंग्टनपासून अर्ध्या तासाच्या आत, डांबरी किंवा क्लास थ्री रस्त्यावर, टेकडीच्या पोटाशी पण ओढ्यापासून लांब, आणि घरमालक शेजारीच राहत असेल तर उत्तम. असं घर मिळणं सोपं नाही, त्या बाजूला भाड्याच्या घरांची टंचाईच आहे, दोन ठिकाणी आमच्या आधी कोणीतरी घेऊन गेलं. पिटिशनची कागदपत्रं वकिलाकडे आहेत, ती फाइल होईपर्यंत लीजवर सही करायची नाही हे माझं, आणि नवऱ्यानं मान हलवलीय. त्याच आठवड्यात दारात एक लांबच लांब खोकं आलं. छतावरचा बर्फ खाली ओढायचा रेक, एकवीस फुटी, सेलमध्ये होता म्हणे. आम्ही तिसऱ्या मजल्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, तो आता सोफ्याच्या मागे तिरका ठेवलाय आणि बेडरूमचं दार पूर्ण लागत नाही.